बुजरा कुत्रा घरी आणल्यावर : विश्वास आणि शी-शूची सवय

निवारा केंद्रातून किंवा रस्त्यावरून घरी आणलेला देशी कुत्रा पहिल्या दिवशी बहुधा कोपरा गाठतो, समोर ठेवलेल्या खाण्याकडे पाहत नाही, खाली नेले तर शेपूट पायांत घालून अंग चोरून उभा राहतो आणि घरात परत आल्याबरोबर दारातल्या पायपुसण्यावर शू करतो. यातल्या शेवटच्या गोष्टीमुळे नवे पालक सर्वांत जास्त वैतागतात. "इतका वेळ खाली उभा होता, तेव्हा का नाही केली?" असा त्यांचा प्रश्न असतो, आणि कुत्रा हट्टी आहे किंवा मुद्दाम करतो आहे, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. खरे कारण वेगळे आहे. शी-शू करताना प्राण्याला काही क्षण एका जागी थांबावे लागते, त्या क्षणी त्याला पळता येत नाही आणि लढताही येत नाही. जिथे धोका वाटतो तिथे तो लघवी रोखून धरतो आणि त्यातल्या त्यात निर्धास्त वाटेल त्या जागी मोकळा होतो. बुजऱ्या कुत्र्याला सोसायटीचे आवार भीतिदायक वाटते आणि घर थोडे कमी भीतिदायक वाटते, एवढाच त्या पायपुसण्याचा अर्थ आहे.

म्हणून अशा कुत्र्याच्या बाबतीत विश्वास मिळवणे आणि शी-शूची सवय लावणे ही दोन कामे वेगळी काढता येत नाहीत. जो कुत्रा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसासमोर निश्चिंतपणे लघवी करू शकतो, त्याचे निम्मे शिक्षण झालेले असते. पुढील सूचना मुख्यतः सहा महिन्यांच्या पुढच्या, फ्लॅटमध्ये आणलेल्या देशी कुत्र्याला समोर ठेवून लिहिल्या आहेत. लहान पिल्लांच्या बाबतीत जे वेगळे करावे लागते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

घरी आणण्यापूर्वीची तयारी

कुत्र्यासाठी एक कोपरा आधीच निश्चित करावा. दोन बाजूंना भिंत असलेली, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेली आणि टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन यांपासून दूर असलेली जागा उत्तम. एखाद्या टेबलावरून जुनी चादर खाली सोडली तरी चांगला आडोसा तयार होतो. पिंजरा वापरायचा असेल तर त्याचे दार काढून ठेवावे किंवा उघडे बांधून ठेवावे, कारण घाबरलेल्या कुत्र्याला कोंडले तर तो दात आणि नखे मोडेपर्यंत धडपडू शकतो. या कोपऱ्यात तो असताना घरातल्या कोणीही त्याला हात लावायचा नाही, बाहेर ओढायचे नाही आणि वाकून पाहायचेही नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. लहान मुलांना तो समजावून सांगावा. केवळ बजावून भागत नाही, मुले आणि कुत्रा एकत्र असताना मोठे माणूस तिथे हजर असावे.

फरशीकडे अनेकांचे लक्ष जात नाही. मातीवर आणि डांबरावर वाढलेल्या कुत्र्याला गुळगुळीत टाइल्सवर पाय सरकण्याची भीती वाटते आणि तो एकाच जागी खिळून बसतो. कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून मुख्य दारापर्यंत सतरंजी, गोणपाट किंवा रबरी चटया अंथरल्या की घरात त्याला एक वाट मिळते. पुढे तो धीट झाला की त्या एकेक करून काढता येतात.

पट्ट्याच्या बाबतीत काटकसर करू नये. घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकतो आणि गळपट्ट्यातून डोके सहज सोडवून घेतो, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस घ्यावा. त्याला बरगड्यांच्या मागून जाणारा आणखी एक पट्टा असेल तर अधिक चांगले. सुरुवातीच्या आठवड्यांत दोरीचे एक टोक हार्नेसला आणि दुसऱ्या दोरीचे टोक गळपट्ट्याला अशी दुहेरी जोडणी ठेवावी. ओढले की गळ्याभोवती आवळणारा फास आणि जड लोखंडी साखळी या दोन्ही गोष्टी घरात आणू नयेत. गळपट्ट्यावर स्वतःचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला पहिल्याच दिवशी अडकवावा, कारण नवा कुत्रा निसटण्याचा धोका सर्वांत जास्त याच दिवसांत असतो. सेफ्टी डोअर सदैव लावलेले असावे आणि बाल्कनीच्या गजांमधले अंतर तपासून हवी तिथे जाळी बसवून घ्यावी, कारण देशी कुत्र्याचे अंग सडपातळ असते आणि भेदरलेला प्राणी आश्चर्य वाटावे इतक्या अरुंद फटीतून जातो.

पशुवैद्याची भेट पहिल्या आठवड्यात व्हावी. कुत्रा फार घाबरत असेल तर घरी येणारे पशुवैद्य शोधावेत. शौचाची तपासणी, जंतांचे औषध, गोचीड-तापासाठी रक्ततपासणी आणि लसीकरण एवढे तरी त्या वेळी ठरवून घ्यावे. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे अगदी नेहमीचा आहे, आणि त्यामुळे मलूल झालेल्या कुत्र्याला लोक "शांत स्वभावाचा" समजतात. कानाचे टोक कापलेले असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे, असे सहसा समजावे. पिल्लू असेल तर लसींचा क्रम साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. तोपर्यंत अनोळखी कुत्रे फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडू नये, कारण पिल्लांना गंभीर आजारी पाडणारा पार्व्हो विषाणू मातीत दीर्घकाळ टिकून राहतो. याच वयात, म्हणजे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान, पिल्लू जग ओळखायला शिकत असते. त्याला कडेवर घेऊन गच्चीतून, खिडकीतून, सोसायटीच्या बाकावरून वाहने, माणसे आणि आवाज यांची ओळख करून देत राहावे.

नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा परवाना काढून ठेवावा. सोसायटीत कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यापासूनही अडवता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. त्याच सूचना पालकांनाही आवार स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी देतात. पिशवी घेऊन शी उचलणाऱ्या माणसाशी शेजारी फार काळ भांडत नाहीत.

पहिले दिवस

कुत्रा शक्यतो सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी घरी आणावा. गाडीतून उतरल्यावर लगेच वर न नेता आवारातल्या एखाद्या शांत, मातीच्या कोपऱ्यात त्याला पंधरा-वीस मिनिटे उभे राहू द्यावे; तिथे त्याने शू केली तर शिक्षणाची सुरुवात आपोआप झाली. त्या दिवशी नातेवाइकांना बोलावू नये. आंघोळही घालू नये. रस्त्यावरचा कुत्रा आला की आधी धुऊन काढावा ही आपल्या घरांमधली स्वाभाविक इच्छा असते, पण बंद न्हाणीघर, पाण्याचा आवाज आणि धरून ठेवणारे अनोळखी हात यांनी पहिल्याच तासात जे नुकसान होते ते भरून काढायला काही आठवडे जातात. ओल्या फडक्याने पुसण्याइतकाही तो जवळ येत नसेल तर तेही पुढे ढकलावे.

या दिवसांत पालकाचे खरे काम कुत्र्याकडे नीट पाहण्याचे असते. भुंकणे आणि गुरगुरणे सर्वांना कळते, पण त्याच्या कितीतरी आधी कुत्रा बारीक खुणांनी सांगत असतो. तो जांभई देतो, काही खाल्लेले नसताना ओठांवरून जीभ फिरवतो, मान दुसरीकडे वळवतो, पुढचा एक पाय अर्धवट उचलून धरतो, कान मागे चिकटवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो. अगदी स्तब्ध होणे ही त्यातली सर्वांत गंभीर खूण आहे, आणि नेमकी तीच "किती गुणी आहे, हलतसुद्धा नाही" असे म्हणून दुर्लक्षिली जाते. यांपैकी काहीही दिसले की आपण एक पाऊल मागे जावे किंवा हात आवरता घ्यावा. आपण दर वेळी ऐकतो हे लक्षात आले की त्याला गुरगुरण्याची गरज राहत नाही. गुरगुरण्याबद्दल मात्र कधीही रागावू नये. ती सूचना बंद झाली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावू शकतो. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मग कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो.

जवळीक खाण्यातून सुरू होते. उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे, पनीर, उकडलेले रताळे यांतले त्याला काय सर्वांत आवडते ते शोधावे. द्राक्षे, बेदाणे, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेला रस्सा, साखरेऐवजी झायलिटॉल वापरलेले पदार्थ आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. खाऊ हातातून घ्यायला लावण्याची घाई नको. आपण त्याच्यापासून चार-पाच फुटांवर, त्याच्याकडे पाठ किंवा एक बाजू करून जमिनीवर बसावे, त्याच्या डोळ्यांत पाहू नये, एखादे पुस्तक वाचत बसावे आणि अधूनमधून एक तुकडा त्याच्या दिशेने सरकवावा.

इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. कुत्रा दोन पावले पुढे आला की पुढचा तुकडा आपल्याजवळ न टाकता त्याच्या मागे, लांब टाकावा. वरवर हे उलटे वाटते, पण खाऊच्या ओढीने जवळ आलेला बुजरा कुत्रा तुकडा तोंडात येताक्षणी भानावर येतो, आपण फार पुढे आलो हे त्याला कळते आणि तो दचकून पळतो किंवा घाबरून चावतो. तुकडा मागे पडला की त्याला सुटकेची वाट मिळते, मग तो स्वतःच्या मर्जीने पुन्हा वळून येतो, आणि असे काही दिवस केले की येण्याचे अंतर आपोआप कमी होते. माझ्याकडे काही काळ राहिलेली चिंगी नावाची तांबूस कुत्री खाटेखालच्या सावलीची रेषा ओलांडायला तयार नसे. तिचे नाक उजेडात येई, पुढचा उजवा पंजा वर राही, मागचे पाय मात्र आतच ताणलेले असत. अंड्याचा तुकडा खाटेखाली, तिच्या मागे टाकायला लागल्यावर ते मागचे पाय सैल पडत गेले, आणि एके दुपारी तुकडा टाकलेला नसतानाही ती बाहेर येऊन माझ्या पावलांचा वास घेऊन परत गेली.

कुत्रा स्वतःहून अंगाला टेकू लागला की हात लावायला हरकत नाही. डोक्यावरून हात आणू नये. छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला दोन-तीन सेकंद कुरवाळून हात पूर्ण बाजूला घ्यावा आणि थांबावे. तो पुन्हा सरकून जवळ आला तर त्याला ते हवे आहे. मान वळवली किंवा नुसता उभा राहिला तर त्या दिवशी तेवढे पुरे. भित्र्या कुत्र्याला धीर दिला तर त्याची भीती वाढते, असे आजही ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. भीती ही भावना आहे, खाऊ किंवा माया मिळते म्हणून कोणी अधिक घाबरत नाही. तो आपल्याजवळ आसऱ्याला आला तर खुशाल जवळ बसू द्यावे.

घरातल्या एखाद्या ठरावीक वस्तूची किंवा आवाजाची भीती घालवण्याची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. 1924 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचे खाणे देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. कुत्र्यांसाठी आज हेच तत्त्व वापरले जाते. कुकरच्या शिट्टीला कुत्रा दचकत असेल तर त्याला स्वयंपाकघरापासून सर्वांत लांबच्या खोलीत, दार लोटून बसवावे. शिट्टी वाजली की लगेच चिकनचा तुकडा द्यावा, शिट्टी थांबली की खाऊ थांबवावा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी आवाज, मग खाऊ. उलटा क्रम झाला तर खाऊ दिसताच कुत्रा आवाजाच्या भीतीने पळू लागतो. तो आवडीचा खाऊही घेत नसेल तर आपण फार जवळ आहोत किंवा आवाज फार मोठा आहे, असे समजून अंतर वाढवावे.

शी-शूची जागा आणि वेळ

आता मुख्य कामाकडे वळू. कुत्र्याला कशावर शी-शू करायची याची आवड लहानपणी, साधारण दोन महिन्यांच्या वयापर्यंत, पायाखाली जे येते त्यावरून ठरू लागते. रस्त्यावर वाढलेल्याला माती, गवत, वाळूचा ढीग ओळखीचा असतो. निवारा केंद्रातल्या सिमेंटच्या खोलीत वाढलेल्याला सिमेंटच योग्य वाटते, आणि सिमेंटला सर्वांत जवळची वस्तू म्हणजे आपली फरशी. कुत्रा कुठे वाढला हे आणतानाच विचारून घ्यावे आणि त्याला जे ओळखीचे असेल तेच पहिले काही आठवडे द्यावे.

जागा निवडताना स्वच्छतेपेक्षा शांततेला जास्त महत्त्व द्यावे. इमारतीच्या मागची, कंपाउंडच्या भिंतीलगतची, मुलांच्या खेळापासून आणि भटक्या कुत्र्यांच्या हद्दीपासून दूर असलेली मातीची पट्टी शोधावी आणि रोज तीच वापरावी. पहाटे पाच-साडेपाचला दूधवाल्यांच्या आधी आणि रात्री साडेदहानंतर आवार सर्वांत निवांत असते. बुजऱ्या कुत्र्याची बहुतेक पहिली यशस्वी शू याच वेळांत होते. लिफ्टची भीती असेल तर जिना वापरावा, जिन्याचीही असेल तर अंगावर हात ठेवू देईपर्यंत त्याला खाली नेण्याचा आग्रह धरू नये आणि तोवर बाल्कनीत सोय करावी.

बाल्कनीतल्या सोयीसाठी मोठा, उथळ प्लॅस्टिकचा ट्रे घेऊन त्यात त्याच आवारातली माती आणि हिरवळीचा एक तुकडा घालावा. घरात त्याने जिथे शू केली ती टिपलेला कागद या मातीत दाबून ठेवला की वासावरून त्याला जागा कळते. मोठ्या कुत्र्यासाठी घरभर वर्तमानपत्रे पसरण्याच्या मी विरोधात आहे. त्यातून घरात कुठेही केले तरी चालते एवढेच तो शिकतो, आणि नंतर ती सवय मोडण्याचे दुसरे काम मागे लागते. मातीच्या ट्रेचे तसे नाही. तो एकेक दिवस दाराकडे सरकवता येतो आणि शेवटी त्यातली मूठभर माती खालच्या जागेवर टाकली की दोन्ही जागांचा वास जुळतो.

वेळांचा हिशेब असा. झोपेतून उठल्यावर लगेच, जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी कुत्र्याला बाहेर न्यावे. वाढ झालेल्या कुत्र्याला सुरुवातीला दिवसातून पाच वेळा नेणे योग्य. सवय लागल्यावर ते तीन-चारवर आणता येते. पिल्लाच्या बाबतीत त्याच्या वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवून जितके तास होतील तितकाच वेळ ते जास्तीत जास्त थांबू शकते, असा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू तीन तास, तेही झोपलेले असेल तर. जागेपणी त्याला दर तासाला न्यावे. खाणे ठरलेल्या वेळी द्यावे आणि वीस मिनिटांनी भांडे उचलावे, म्हणजे शीची वेळही ठरते. पाणी मात्र कधीही तोडू नये.

खाली गेल्यावर पालकाने जवळजवळ काहीच करायचे नसते, आणि हेच सर्वांत अवघड जाते. ठरलेल्या जागी उभे राहावे, दोर सैल सोडावा, फोन खिशात ठेवावा, कुत्र्याकडे टक लावून पाहू नये. "कर, कर ना" अशी घाई लावू नये. तो गोल फिरू लागला, जमीन हुंगू लागला की श्वाससुद्धा हळू घ्यावा. त्याचे पूर्ण होऊ द्यावे, मध्येच शाबासकी दिली तर तो अर्धवट थांबतो आणि उरलेली शू घरात येते. संपल्यावर एक-दोन सेकंदांच्या आत हलक्या आवाजात "शाब्बास" म्हणून दोन-तीन उत्तम तुकडे तिथेच द्यावेत. घरी परतल्यावर दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरी परतण्याचा असतो, शूचा नसतो. काही दिवसांनी तो बसू लागण्याच्या क्षणी "शू कर" हे शब्द हळूच उच्चारत गेले की पुढे ते शब्द ऐकून त्याला आठवण होते. घरातल्या सर्वांनी तेच शब्द वापरावेत.

सर्वसाधारण कुत्र्याच्या बाबतीत शू झाली की लगेच घरी वळू नये असे सांगतात, कारण फिरणे संपू नये म्हणून तो शू लांबवायला शिकतो. बुजऱ्या कुत्र्याला हा नियम सुरुवातीला लागू करू नये. त्याला घरी परतणे हेच मोठे बक्षीस वाटत असते, म्हणून शू झाली की खाऊ द्यावा आणि लगेच घर गाठावे. तो बाहेर रमू लागला, शेपूट सैल झाली, झाडांचा वास घेत स्वतःहून पुढे चालू लागला की मग हळूहळू फिरणे वाढवावे.

पंधरा मिनिटांत काहीच झाले नाही तर न रागावता वर यावे, पण त्याला घरभर मोकळे सोडू नये. दोर हातात किंवा कमरेला अडकवून त्याला आपल्याजवळ ठेवावे आणि वीस मिनिटांनी पुन्हा खाली न्यावे. जो कुत्रा जवळ बांधलेला असताना घाबरतो त्याला त्याच्या कोपऱ्यासह एका छोट्या, पुसायला सोप्या खोलीत ठेवावे. बहुतेक कुत्रे झोपण्याची जागा ओली करणे टाळतात, त्याचा इथे फायदा होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा वहीत शी-शूच्या वेळा, जागा आणि त्या वेळी काय चालले होते ते टिपत जावे. आठवडाभरात त्याचे वेळापत्रक डोळ्यांसमोर येते आणि अंदाजाने धावपळ करावी लागत नाही.

घरात झाली तर

रागावू नये, मारू नये आणि नाक त्यात घासू नये. थोड्या वेळापूर्वी केलेल्या शूचा आणि आताच्या रागाचा संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. डबके आणि माणूस एकत्र दिसले की मार बसतो, एवढेच त्याला समजते. अशा कुत्र्याला आपण "चूक कळली, म्हणून तोंड लपवतोय" असे म्हणतो ती वस्तुतः भीती असते. त्याचा पुढचा परिणाम जास्त वाईट आहे : तो माणसासमोर शू करणेच बंद करतो, मग खाली पट्ट्यावर असताना करत नाही आणि घरात पलंगाखाली, पडद्यामागे लपून करतो. करताना दिसलाच तर हलकेच टाळी किंवा "चल, चल" असे म्हणून बाहेर न्यावे आणि तिथे पूर्ण झाल्यावर खाऊ द्यावा. बाकी वेळी मुकाट्याने पुसावे.

पुसण्यातही एक शास्त्र आहे. फिनेलने आपल्याला स्वच्छ वाटते, पण कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा लघवीचा वास लागतच असतो आणि तो त्याच जागी परत येतो. शिवाय फिनेल पंजांवरून चाटण्यात जाणे त्याच्यासाठी घातक आहे. अमोनिया असलेले द्रावणही नको, कारण लघवीतल्या युरियापासूनही अमोनियाच तयार होतो. आधी कोरड्या कापडाने सर्व टिपून घ्यावे, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण लावून सांगितलेला वेळ तसेच ठेवावे. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून टाइल्सवर वापरता येते. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर मात्र वापरू नये, या चुनखडीच्या जातीच्या दगडांना आम्लाने डाग पडतात. ताज्या लघवीवर ब्लीच ओतू नये, त्यातून श्वासाला त्रासदायक वायू निघतो.

प्रत्येक ओली जागा म्हणजे सवयीचा अभाव असे समजू नये. आपण कामावरून घरी येतो, कुत्रा अंग आक्रसून, कान पाडून, जमिनीशी लवून समोर येतो आणि थेंब थेंब शू होते. ही नमते घेण्याची क्रिया आहे, तिच्यावर त्याचा ताबा नसतो. तिच्यावर ओरडले तर ती वाढते. घरात येताना त्याच्याकडे न पाहता आत जावे, पाच मिनिटांनी खाली बसून, एक बाजू त्याच्याकडे करून हळू आवाजात बोलावे. विश्वास वाढतो तशी ही शू बहुधा आपोआप थांबते. सोफ्याच्या कोपऱ्यावर पाय वर करून टाकलेली थोडीशी शू म्हणजे हद्द आखणे; नसबंदीने ते पुष्कळ अंशी कमी होते. सवय लागलेला कुत्रा अचानक घरात करू लागला, सारखा बसतो पण थेंबच येतात, लघवीत रक्त दिसते, पाणी नेहमीपेक्षा फार पितो, किंवा चोवीस तास लघवीच झालेली नाही, असे काहीही असेल तर सवयीचा विचार बाजूला ठेवून पशुवैद्याला दाखवावे.

पाऊस, ढोल आणि फटाके

जून ते सप्टेंबर ही चार महिन्यांची वेगळीच परीक्षा असते. अनेक देशी कुत्रे पावसात पाय बाहेर टाकत नाहीत आणि बारा-बारा तास लघवी रोखतात. पावसाळ्यापूर्वीच स्टिल्टच्या पार्किंगलगतची किंवा छज्जाखालची माती असलेली एखादी आडोशाची जागा ठरवून तिथे सवय करावी आणि उघडलेल्या छत्रीशी ओळख घरातच, छत्री जमिनीवर ठेवून आजूबाजूला खाऊ टाकून करून द्यावी. साचलेल्या पाण्यातून नेऊ नये. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना आणि माणसांना दोघांनाही होतो. त्याची लस घेतली आहे ना, हे मे महिन्यातच पाहून घ्यावे.

गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळीचे फटाके या काळात फिरणे दिवसाउजेडी उरकावे आणि दुहेरी जोडणी केलेला पट्टा वापरावा. संध्याकाळी खिडक्या-पडदे लावून पंखा मोठा करावा आणि त्याच्या कोपऱ्यावर आणखी एक जाड चादर टाकावी. तो न्हाणीघरात किंवा कपाटामागे जाऊन बसला तर तिथेच बसू द्यावे. या रात्री घरात शू झाली तर तिचा हिशेब धरू नये. जे कुत्रे थरथर कापतात, लाळ गाळतात, दार ओरबाडतात त्यांच्यासाठी पशुवैद्य चिंता कमी करणारी औषधे देऊ शकतात. ती सणाच्या आदल्या संध्याकाळी न मागता काही आठवडे आधी विचारून घ्यावीत, म्हणजे एखाद्या शांत दिवशी देऊन परिणाम पाहता येतो. माणसांच्या झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत.

किती दिवस लागतील

कुत्र्यांच्या पुनर्वसनात काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात : तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे घरची रीत कळण्याचे आणि तीन महिने आपण इथले आहोत असे वाटण्याचे. बुजऱ्या कुत्र्यासाठी मी यातला प्रत्येक टप्पा लांबेल असेच धरून चालते. प्रगती मोजायची तर शेपूट हलण्याची वाट पाहू नये. आपल्या समोर पाठ करून झोपणे, खोलीच्या मधोमध पाय पसरून आडवे होणे, दाराची घंटा वाजल्यावर पळून गेला तरी पाच मिनिटांत परत येणे, खाली नेल्यावर दोन मिनिटांत शू उरकणे, ही खरी लक्षणे आहेत. पाहुणे आले, घर बदलले, कोणी आजारी पडले की काही दिवस सगळे मागे जाते. तेव्हा पुन्हा ठरलेली जागा, ठरलेल्या वेळा, जवळ ठेवणे, खाऊ असा पहिल्या आठवड्याचा क्रम सुरू करावा. दुसऱ्या खेपेस तो लवकर सावरतो.

दोन-तीन महिने नियमाने करूनही कुत्रा नीट खातपीत नसेल, खाली पाऊलच ठेवत नसेल, अंगावर धावून येत असेल किंवा एकटा राहिला की स्वतःला इजा करून घेत असेल, तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याची मदत घ्यावी. काही कुत्र्यांना शिक्षणाबरोबर काही महिने औषधेही लागतात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. "कुत्र्याला कोण मालक ते दाखवून द्या" असे सांगणारा, साखळीला हिसके देणारा किंवा विजेचा गळपट्टा वापरणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असला तरी बुजरा कुत्रा त्याच्या हाती देऊ नये. पशुवैद्याच्या भेटीसाठी दवाखान्यातली गर्दी नसलेली वेळ फोनवर मागून घ्यावी आणि शी-शूची वही व कुत्र्याच्या घरातल्या वागण्याचे मोबाइलवर घेतलेले चित्रण बरोबर न्यावे, कारण तपासणीच्या टेबलावर थिजून गेलेल्या कुत्र्यावरून त्याचे घरचे वागणे पशुवैद्यांना कळू शकत नाही.